घाटात बंद पडणारी पद्मिनी, आणि आणखी तीन पत्रं

जुन्या गाड्यांबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं: ‘मिस्त्री म्हणतो, कॉईल गेली.’ कॉईल म्हणजे बॅटरीच्या करंटचा दाब वाढवून प्लगला ठिणगी पुरवणारी डबी. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं दुकान. वडील ऑटो इलेक्ट्रिशियन. दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्या बाकड्यावर बसले ती उठलेच नाही, त्याला आता ३५ वर्षं झाली. ‘ही गेलीय, नवी द्या’ म्हणून लोकांनी पुढ्यात ठेवलेल्या कॉईल मी एवढ्या वर्षांत तपासत आले, आणि त्यांतल्या कितीतरी धडधाकट निघाल्या. दुखणं दुसरीकडेच होतं आणि पैसे कॉईलवर गेले होते. म्हणून यावेळी चारही पत्रं करंटचीच घेतली आहेत.

वाईहून एक वाचक लिहितात: ताईंना नमस्कार. माझ्याकडे वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे, १९८७ची. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. वाईत दिवसभर फिरवली तरी तक्रार नाही. पण पाचगणीला निघालो की पसरणी घाट अर्धा चढून झाल्यावर गाडी बंद पडते. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. दीड वर्षात तीन कॉईल बदलल्या, दोनदा प्लग बदलले, पेट्रोल पंपाचं किट टाकलं. एक मिस्त्री म्हणतो कॉईल तापते, दुसरा म्हणतो पेट्रोलची वाफ होते. मी घाटात दोन्हींवर ओलं फडकं टाकून बसतो. नातीला घेऊन त्या रस्त्याने जायची आता भीती वाटते. माझं वय ६४.

काका, दोन्हींवर एकदम फडकं टाकता, तिथेच उत्तर हातातून निसटतं. गाडी सुरू होते, पण कशामुळे झाली ते कळत नाही. पुढच्या वेळी फडकं डिकीतच राहू द्या.

तुमचे दोन्ही मिस्त्री अशक्य काहीच सांगत नाहीयेत. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला असतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, पण गाडी हळू, त्यामुळे वारा कमी. पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ झाली की पंपाला ती पुढे ढकलता येत नाही आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. हा झाला एक आजार. दुसरा कॉईलचा. तिच्या पोटात बॅटरीचा करंट घेणारी एक जाड तार आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. कुठे तार तुटायला आलेली असेल किंवा वेढ्यांमधलं इन्सुलेशन कमजोर झालं असेल, तर थंडपणी काम चालतं आणि तापल्यावर करंट आतल्या आत मरतो. आणि तिसरा आजार, ज्याचं नाव तुमच्या पत्रात कुठेच नाही, तो म्हणजे कंडेन्सरचा. डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे एकेका प्लगला करंट वाटून देणाऱ्या भागाला, लागून असलेली ती बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी. तीसुद्धा तापली की दगा देते आणि थंड झाली की शहाणी होते. तिन्ही आजारांचं लक्षण एकच: तापल्यावर बंद, अर्ध्या तासाने सुरू. म्हणून तुमची गाडी माझ्या दुकानात थंड उभी असताना मीसुद्धा छातीठोकपणे काही सांगू शकणार नाही. तपासायचं ते घाटातच, गाडी बंद पडल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत.

त्याआधी एक खूण सांगते. गाडी कशी बंद पडते ते आठवून पाहा. चावी फिरवून बंद करावी तशी एकदम गप्प होत असेल तर संशय करंटवर. आचके देत, ताकद सोडत, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर आणखी मरगळत जात असेल तर संशय पेट्रोलवर. ही नुसती खूण आहे, पुरावा नाही. माझे वडील ग्राहकाला हा प्रश्न विचारायचे, उत्तर ऐकून मान हलवायचे, आणि मग तरी तपासायचेच.

आता पुरावा. घरी एक हत्यार बनवा, खर्च जवळजवळ शून्य. एक जुना प्लग घ्या, कापडाने आणि ब्रशने नीट स्वच्छ करा. त्याचा बाहेरचा वाकडा पाय पक्कडने उचलून मधल्या टोकापासून ५ ते ६ मिलिमीटर लांब न्या. प्लगच्या लोखंडी अंगाला एक जाड वायर घट्ट बांधा, वायरच्या दुसऱ्या टोकाला मगरीच्या तोंडाची क्लिप लावा. एवढंच. गाडीतला प्लग ०.६ मिलिमीटरच्या आसपासच्या फटीतून ठिणगी पाडतो. ही फट मुद्दाम मोठी ठेवायची, कारण छोट्या फटीतून मेलेला करंटही उडी मारतो आणि आपल्याला फसवतो. (याबद्दल सोलापूरच्या पत्रात आणखी लिहिलं आहे.)

घाटात गाडी थांबली की आधी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा, गिअर न्यूट्रल. कॉईलमधून निघून डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधोमध जाणारी जाड वायर कॅपकडून उपसा. तिचं टोक आपल्या प्लगच्या डोक्याला पक्कं टेकेल असं बसवा आणि क्लिप इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. हे सगळं कार्बोरेटरपासून लांब, पेट्रोल सांडलेलं नाही ना ते पाहून. हातात काहीही धरू नका. सोबतच्या माणसाला दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा.

टक्-टक् आवाज करत निळी, टणक ठिणगी पडली, तर कॉईल, पॉईंट (डिस्ट्रिब्युटरमधल्या, कॉईलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टिकल्या) आणि कंडेन्सर तिघेही त्या घटकेला काम करताहेत. मग तुमचा दुसरा मिस्त्री बरोबर असण्याची शक्यता फार मोठी, आणि पैसे पंप, पेट्रोलचा पाइप आणि इंजिनचं थंड राहणं यांवर घाला. ठिणगीच नाही, किंवा पिवळट, बारीक, मधूनच येते, तर पेट्रोल निर्दोष. इतका साधा निवाडा तीन कॉईल घेण्याआधी व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

ठिणगी नाही आली तर पुढे जा. १२ व्होल्टचा साधा तारेचा बल्ब, होल्डर आणि दोन वायर, असा टेस्ट लॅम्प जवळ ठेवा. एलईडीचा नको. एलईडीला इतका कमी करंट लागतो की गंजक्या, अर्धवट जोडणीतूनही तो छान पेटतो आणि सगळं ठीक आहे असं भासवतो. साधा बल्ब खोटं बोलत नाही, जोडणी कमजोर असली की तो मंद जळतो. मघाची जाड वायर आणि प्लग तसेच राहू द्या. बल्बची एक वायर इंजिनला, दुसरी कॉईलच्या प्लस टोकाला, चावी ऑन. बल्ब लागलाच नाही किंवा मिणमिणला, तर कॉईलपर्यंत वीजच पोहोचत नाहीये. चावीचा स्विच आणि तिथून येणारी वायर पाहा. चावीच्या स्विचचे आतले टिकले तापल्यावर संपर्क सोडतात हे मी दोन पद्मिन्यांत पाहिलं आहे. प्लसला बल्ब स्वच्छ लागला तर तीच वायर कॉईलच्या मायनस टोकाला लावा, म्हणजे जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते तिथे, आणि सेल्फ मारा. बल्ब उघडझाप करायला हवा, कारण पॉईंट मिटले की तो विझतो आणि उघडले की पेटतो. सतत पेटलेला राहिला तर पॉईंट जोडतच नाहीयेत: काळे पडलेत, झिजलेत किंवा त्यांचं अर्थिंग सुटलंय. सतत विझलेला राहिला तर पॉईंट उघडत नाहीत, किंवा कंडेन्सर शॉर्ट झालाय, किंवा कॉईलची आतली जाड तार तुटली आहे.

आणि बल्ब छान उघडझाप करतोय, पण ठिणगी मेलेली आहे? तेव्हा आरोपी दोनच उरतात, कंडेन्सर आणि कॉईल. इथे मी आधी कंडेन्सर धरते. स्वस्त आहे म्हणून नव्हे, त्याचं काम कळलं की तुम्हालाही तसंच वाटेल. पॉईंट मिटलेले असतात तेव्हा कॉईलच्या जाड तारेतून ३ ते ४ अ‍ॅम्पिअर वाहतात आणि लोखंडी गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. पॉईंट उघडले की ते क्षेत्र कोसळतं, आणि ते जितक्या झटक्यात कोसळेल तितका बारीक तारेत दाब जास्त, १५ ते २५ हजार व्होल्टपर्यंत. पण वाहत्या करंटला असं एकदम थांबायचं नसतं, तो पॉईंटच्या फटीतून उडी मारून वाहत राहू पाहतो. त्याला त्या क्षणापुरती दुसरी जागा देतो तो कंडेन्सर. तो बिघडला की पॉईंटवर जाड पिवळसर ठिणगी दिसते आणि प्लगवरची ठिणगी गळून जाते. जी ऊर्जा प्लगला मिळायची ती पॉईंट जाळण्यात गेली. पाहणाऱ्याला वाटतं कॉईल कमजोर झाली.

म्हणून घाटात जाताना एक चांगला, तपासलेला कंडेन्सर दोन क्लिपा लावून सोबत ठेवा. गाडी बंद पडली की जुन्याची वायर सोडवा आणि नवा बाहेरूनच जोडा, एक क्लिप कॉईलच्या मायनसला, दुसरी इंजिनला. जुना सोडवायला विसरू नका, तो शॉर्ट असेल तर नव्याचा उपयोग होणार नाही. ठिणगी परत आली तर तुमचं दीड वर्षांचं कोडं सुटलं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण त्या धावत होत्या तोवर जाणत्या ड्रायव्हरच्या डबीत पॉईंटचा सेट आणि कंडेन्सर असायचाच.

आता तुमच्या तीन कॉईल. दीड वर्षात एका गाडीला तीन कॉईल लागत नाहीत. एक तर त्या गेल्याच नव्हत्या, नाहीतर गाडी त्यांना मारते आहे. दुसरी शक्यता असेल तर मीटर घ्या. आधी मीटरच्या दोन्ही सळ्या एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो लिहून ठेवा, तो पुढे वजा करायचा. मग कॉईलच्या सगळ्या वायर सोडवून प्लस आणि मायनस यांच्यामध्ये मोजा. चावीपासून कॉईलपर्यंत मध्ये बॅलास्ट नावाचा रेझिस्टर नसेल तर कॉईल साधारण ३ ओहमची हवी. १.५ ओहमच्या आसपास आकडा आला तर दुकानदाराने बॅलास्टवाल्या गाडीची कॉईल तुम्हाला दिली आहे. तिच्यातून ४च्या जागी ८ अ‍ॅम्पिअर जातात. दिसायला तीच, बसते त्याच पट्टीत, सुरुवातीला ठिणगीही जोरदार देते, आणि मग स्वतः भाजते, पॉईंटही जाळते. दुकानात डबीवरचं चित्र पाहून कॉईल घेऊ नका, मीटर घेऊन जा. चांगला दुकानदार हरकत घेत नाही.

मायनस आणि मधलं जाड वायरीचं टोक यांच्यामध्ये मोजलं की काही हजार ओहम यायला हवेत, बहुतेक जुन्या कॉईलमध्ये ६ ते १२ हजार. वडील कॉईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचे, टोकं वर काढून. दर पाच मिनिटांनी मीटर लावायचं काम माझं. एकदा ८ हजारांवर थांबलेला आकडा पाणी वाफाळू लागल्यावर उड्या मारू लागला आणि मग मीटरने काहीच दाखवलं नाही. पातेलं उतरवून ठेवलं, चहा झाला, आणि परत ८ हजार. त्या दिवशी मला ‘तापल्यावर बंद पडते’ या वाक्याचा अर्थ डोळ्यांनी दिसला. पण हेही सांगायला हवं की मीटर आत असलेल्या छोट्या बॅटरीवर मोजतो. २० हजार व्होल्टला फाटणारं इन्सुलेशन त्याला दिसत नाही. मीटरने वाईट म्हटलं तर कॉईल वाईटच. मीटरने चांगलं म्हटलं तर अजून ठिणगीची परीक्षा बाकी आहे.

नातीला गाडीत बसवण्याआधी एकदा एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन घाटात जा, मुद्दाम गाडी बंद पडू द्या आणि हे सगळं शांतपणे करा. छातीत पेसमेकर असेल तर मात्र या कामात स्वतः हात घालू नका, सेल्फवर बसा आणि दुसऱ्याला बॉनेटकडे पाठवा.

चिपळूणहून एक शिक्षक लिहितात: माझी १९८८ची अ‍ॅम्बॅसॅडर पेट्रोल, १४८९ सीसी. जून ते सप्टेंबर सकाळी सुरू होत नाही, झाली तर तीन सिलिंडरवर थरथरत चालते. दुपारी ऊन पडलं की ठीक. कुंभार्ली घाटातल्या धुक्यात तर हमखास मिसिंग. इथले मेकॅनिक कॉईल बदला म्हणतात.

सर, उन्हाने बरी होणारी गाडी कॉईलपेक्षा ओलीकडे बोट दाखवते. २० हजार व्होल्टला कोरडी हवा सोडून ओला, मळकट पृष्ठभाग मिळाला की तो प्लगपर्यंत जायचे कष्ट घेत नाही, जवळच्या लोखंडात उतरतो.

रात्री अंगणातला दिवा बंद करा, बॉनेट उघडा, गाडी सुरू करा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. प्लगच्या वायरींवर, कॅपभोवती निळसर धागे सरकताना दिसले तर तुम्हाला गळती दिसली. पाऊस नसेल तर फुलझाडांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने वायरींवर नुसतं धुकं उडवा. ओढणी, मफलर, सैल बाही पंख्यापासून लांब.

मग गाडी बंद करून कॅप काढा. आतून बाहेरून कोरड्या सुती कापडाने पुसा आणि उजेडात तिरपी धरून पाहा. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे किंवा कडेकडे गेलेली दिसली, तर कॅप बदला. ती मळाची रेघ नाही, बॅकेलाइट जळून झालेल्या कोळशाची आहे, आणि कोळशातून वीज वाहते. खरवडून, नेलपॉलिश लावून काही दिवस जातात, पण पुढच्या पावसात रेघ परत येते. कॅपच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेली कोळशाची कांडी बोटाने दाबून पाहा, ती आतबाहेर व्हायला हवी. अ‍ॅम्बॅसॅडरच्या कितीतरी कॅपमध्ये मी ती झिजून नाहीशी झालेली पाहिली आहे आणि मालकाला ती असते हेही माहीत नव्हतं.

कॅपखाली फिरून एकेका प्लगच्या टोकाला करंट देणारा रोटर फसवा असतो. वरून नवा दिसतो आणि आतून खालच्या दांड्याकडे छिद्र पडून करंट पळवतो. त्याची परीक्षा अशी: कॅप काढलेली, रोटर जागेवर, पॉईंट मिटलेले, चावी ऑन. कॉईलची जाड वायर लाकडी चिमट्याने धरून तिचं टोक रोटरच्या पितळी पट्टीपासून ३–४ मिलिमीटरवर ठेवा. दुसऱ्या हाताने कोरड्या लाकडी काडीने पॉईंट उघडा-मिटवा. चांगल्या रोटरला एखादी बारीक ठिणगी सोडली तर काही व्हायला नको. दर वेळी टणक ठिणगी उडत असेल तर ती रोटरमधून खाली दांड्यात जातेय. टाकून द्या.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, ‘उतारावर ठीक, चढावर पाय दिला की आचका.’ ती मला महत्त्वाची वाटली, कारण ते वेगळं दुखणं असू शकतं. तुमच्या डिस्ट्रिब्युटरला इंजिनवरच्या ओझ्याप्रमाणे ठिणगीची वेळ बदलणारा व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स आहे. पाय दिला-काढला की पॉईंटची प्लेट थोडी फिरते, आणि प्लेटला जाणाऱ्या दोन मऊ, विणलेल्या वायरी प्रत्येक वेळी वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतली तार तुटते, वरचं आवरण शाबूत राहतं. आयडलला टोकं जुळलेली, पाय दिला की सुटलेली. वायर चिमटीत धरून हळूच ताणा. आवरण रबरासारखं लांबलं तर आत तार नाही. जाड कडक वायर तिथे घालू नका, प्लेट फिरायची थांबेल. पॉईंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा आणि कॅमवर, म्हणजे पॉईंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, ग्रीसचं बोट नुसतं टेकवा, फासू नका.

वर्तमानपत्र पेटवून कॅप शेकायची पद्धत कोकणात अजून आहे असं ऐकते. कृपा करून करू नका. शेजारी कार्बोरेटर आहे. घरातलं केस वाळवायचं यंत्र पुरतं.

नागपूरहून एक विद्यार्थिनी लिहिते: मावशी, बाबांची १९९४ची बुलेट ३५० आता मी चालवते. मागच्या आठवड्यात चावी रात्रभर ऑन राहिली. सकाळी बॅटरी मेलेली आणि कॉईल चटका बसेल इतकी गरम. बॅटरी चार्ज केली, तरी तेव्हापासून किक मारून पाय गळून येतो. कॉईल जळली का? आणि पॉईंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकू का? मित्र सगळे तेच सांगतात.

जळली असेलही. इंजिन थांबलं तेव्हा पॉईंट मिटलेले राहिले, म्हणजे बॅटरी संपेपर्यंत कॉईलमधून सतत करंट गेला. चालत्या इंजिनात तिला दर फेऱ्याला विसावा मिळतो, रात्रभर तो मिळाला नाही. पण लगेच विकत घेऊ नकोस, तुझ्या हेडलाइटवर एक फार चांगला वैद्य बसवलेला आहे: अ‍ॅम्पिअर मीटर. बाबांना विचार, ते त्याच्याकडे पाहूनच किक मारत असतील.

चावी ऑन कर, दिवे बंद. किक हाताने किंवा पायाने अगदी सावकाश खाली ने. पॉईंट मिटले की काटा मायनसकडे ३–४ अ‍ॅम्पिअर झुकेल, उघडले की मधोमध परत येईल. काटा असा झुलला तर बॅटरी, चावी, कॉईलची जाड तार आणि पॉईंट या सगळ्यांतून वाट मोकळी आहे. काटा हललाच नाही तर वाट कुठेतरी तुटली आहे किंवा पॉईंट काळे झालेत. काटा मायनसला चिकटूनच राहिला तर पॉईंट उघडत नाहीत, किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. काटा नीट झुलतोय आणि मोठ्या फटीच्या प्लगवर ठिणगी मेलेली, तर कंडेन्सर बदलून पाहा. तरी मेलेलीच असेल तेव्हा कॉईल घे.

पॉईंट आधी नक्की पाहा. एका टिकलीवर खड्डा आणि समोरच्या टिकलीवर टेकाड झालं असेल तर बदल. नुसते करडे झाले असतील तर बारीक पॉलिश पेपरचे दोन हात, आणि मग टिकल्यांमध्ये कोरं पोस्टकार्ड घालून ओढ, म्हणजे पेपरची भुकटी राहत नाही. ही शेवटची गोष्ट लोक करत नाहीत आणि मग ‘साफ केले तरी करंट नाही’ म्हणत येतात. फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर.

किटबद्दल माझं मत तुझ्या मित्रांपेक्षा थोडं वेगळं आहे. चांगलं किट पॉईंट झिजण्याची कटकट संपवतं, ठिणगीची वेळ (टायमिंग) सरकत नाही, हे खरं. रोज लांबचा प्रवास असेल तर टाक. पण पॉईंटची ही रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१०च्या सुमारास गाड्यांत आणली, आणि तिचा प्रत्येक भाग रस्त्याच्या कडेला डोळ्यांनी पाहून, पोस्टकार्डाने पुसून दुरुस्त होतो. किट गेलं की ते गेलंच. आधी आहे ती रचना पूर्ण बरी कर, ती कशी चालते ते हाताला कळू दे, मग किट टाकायचं की नाही ते तू स्वतः ठरव. बिघाड झाकायला किट टाकलंस तर कमजोर बॅटरी आणि सैल अर्थिंग किटलाही छळतील. टाकलंस तर आधी किटच्या कागदावर कॉईल किती ओहमची हवी ते वाच, आणि जुने पॉईंट, कंडेन्सर फेकू नकोस, सीटखाली ठेव.

सोलापूरहून एक निवृत्त वाचक लिहितात: माझी चेतक स्कूटर. प्लग काढून इंजिनला टेकवून किक मारली की करंट स्पष्ट दिसतो. प्लग परत बसवला की सुरू होत नाही. आडवी करून उभी केली की कधी होते, कधी नाही. करंट असून गाडी का सुरू होत नाही?

तुम्ही पाहिलेला करंट खरा आहे, पण तो उघड्या हवेतला आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा हवा दाबलेली असते, आणि दाबलेल्या हवेतून तेवढीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर उडी मारणारी अशक्त ठिणगी आत गेली की फट सोडून प्लगच्या काजळीवरून सरकते. म्हणून वाईच्या काकांना सांगितलेला मोठ्या फटीचा प्लग तुम्हीही बनवा आणि अंधारात नव्हे, सावलीत किक मारून पाहा. दिवसा सावलीत निळी दिसली तर ती पास. प्लगची वायर मोकळी लोंबत ठेवून मात्र कधी किक मारू नका. बाहेर वाट मिळाली नाही की करंट कॉईलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतो.

आडवी करण्यामागेही कारण आहे. तसं केल्याने कार्बोरेटरमधून जादा पेट्रोल आत जातं. पेट्रोल कमी पडत असेल तेव्हा त्याने मदत होते. ठिणगी अशक्त असेल तर उलट प्लग भिजतो, म्हणून तुमची कधी होते, कधी नाही. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिली. हात सैल सोडून ओतलं की प्लगच्या दोन टोकांमध्ये काजळीची बारीक काडी अडकते आणि करंट तिच्यातून निघून जातो. ती काडी भिंगाशिवाय दिसत नाही, म्हणून फटीतून ०.६ मिलिमीटरचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) एकदा फिरवाच.

हे सगळं ठीक असेल तर प्लगची टोपी पाहा. ती वायरीच्या टोकावर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. वर्षं गेली की वायरीच्या टोकाची तार हिरवी पडून झिजते आणि टोपीचा स्क्रू नुसता रबरात फिरतो. टोपी उलटी फिरवून काढा, वायरीचं टोक ब्लेडने ५ मिलिमीटर कापा, आत स्वच्छ तांबं दिसतंय ना ते बघा, आणि टोपी पुन्हा घट्ट फिरवून बसवा. टोपीच्या आत रेझिस्टर असेल तर दोन्ही टोकांमध्ये मीटर लावा. साधारण ५ हजार ओहम यायला हवेत. मीटरने काहीच दाखवलं नाही तर नवी टोपी घ्या, आणि कॉईलला हात लावायच्या आधी पुन्हा एकदा किक मारून पाहा.